तिसरा दिवस कोणाच्या घड्याळाने मोजायचा?

२०२५ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून आरटीजीएसने निघालेले पैसे भलत्याच खात्यांत जाऊन पडले. तीसहून अधिक खातेदार, सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये. या लोकांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता की कुठली लिंक दाबली नव्हती. बातमी झाली, पोलीस कामाला लागले, खाती गोठवण्याची धावपळ झाली. एवढी रक्कम गेली म्हटल्यावर हे व्हायचेच.

त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या गडचिरोलीत दीड हजार, तीन हजार, नऊ हजार अशा रकमा खात्यातून न सांगता जातात, तेव्हा मात्र पान हलत नाही. बातमी तर नाहीच. बहुतेकदा लेखी तक्रारही होत नाही. शाखेत विचारले की ‘तुम्हीच अंगठा लावला असेल’ असे उत्तर येते. पोलिसांत गेले की ‘आधी बँकेत जा’. बँकेत परत आले की ‘आता उशीर झाला’. या तिसऱ्या उत्तराकडे जरा नीट पाहायला हवे. त्यामागे एक खरा नियम आहे, आणि तो नियम शाखेत सांगितला जातो तसा मुळीच नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. खातेदाराने न केलेला इलेक्ट्रॉनिक व्यवहार त्याच्या खात्यातून झाला, तर नुकसान कोणी सोसायचे याची वाटणी त्यात आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी १४ डिसेंबरला आले. चूक, हयगय किंवा घोटाळा बँकेकडचा असेल, तर खातेदाराने कधीही कळवले तरी त्याचे देणे शून्य. चूक ना बँकेची ना खातेदाराची, मधल्याच कोणाची, असे असेल तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले की देणे शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. सात दिवस उलटले तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू. तक्रार आली की दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. खातेदार दोषी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर.

खातेदाराने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. म्हणजे जो चुकला आहे त्यालासुद्धा तक्रार ताबडतोब नोंदवण्यात फायदा आहे. हे कोणी सांगत नाही. मध्यंतरी कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सावधगिरीचा उपदेश ऐकावा लागे. देशभर लोक त्याला वैतागले होते. त्या उपदेशात तीन दिवसांच्या नियमाला जागा मिळाली नाही.

आता हा नियम एटापल्ली, कोरची, भामरागड किंवा चंद्रपुरातल्या जिवतीच्या खात्यावर ठेवून पाहावा.

या भागात खात्यात पैसे येतात ते हंगामाने. एप्रिलअखेर ते मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत तिथे ग्रामसभाच पत्ता विकतात आणि मजुरी, बोनस खात्यावर चढतो. रोजगार हमीची मजुरी खात्यात, धानाचे चुकारे खात्यात, जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात. पैसे काढायचे मात्र शाखेत जाऊन नव्हे. शाखा लांब असते आणि बाजाराच्या दिवशी तिथे उभे राहायला जागा नसते. म्हणून गावातल्या बँक मित्राकडे किंवा सेवा केंद्रात जायचे. तिथे एक छोटे मशीन. आधारचे बारा आकडे, बँकेचे नाव, रक्कम आणि अंगठा. एटीएम कार्ड नको, पिन नको, सही नको. एका वेळी दहा हजारांपर्यंत पैसे निघतात.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. अडचण अंगठ्यापाशी सुरू होते. धान रोवणाऱ्या, बांबू तोडणाऱ्या, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन पहिल्या फटक्यात अंगठा ओळखत नाही. त्यात रेंज जाते. ‘फेल झाला भाऊ, परत ठेवा’ हे वाक्य त्या टेबलावर दिवसातून कितीदा ऐकू येत असेल याला गणती नाही, आणि दहापैकी नऊ वेळा ते खरेच असते. दहाव्या वेळी पहिला व्यवहार झालेला असतो, पैसे खात्यातून कटलेले असतात आणि दुसऱ्या अंगठ्याने आणखी एकदा कटतात. कधी ही नेटवर्कची करामत, कधी समोरच्याची. पावतीचा कागद संपलेला असला तर दोन्हींतला फरक कळायला मार्गच उरत नाही.

नेटवर्कने खाल्लेल्या पैशांसाठी वेगळा नियम आहे. खात्यातून रक्कम गेली पण हातात आली नाही, तर ती ठरलेल्या मुदतीत आपोआप परत यायला हवी आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असे सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. ही भरपाई मागावी लागू नये, बँकेने स्वतःहून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. दोन्ही जिल्ह्यांत कोणत्या बँकेने अशी भरपाई किती जणांना दिली, हा प्रश्न एखाद्या आमदाराने विधानसभेत विचारला तर उत्तर वाचण्यासारखे असेल.

बँक मित्रांना सरसकट चोर ठरवणे हा अन्याय होईल. व्यवहारामागे थोडक्या कमिशनवर हा माणूस उन्हापावसात मशीन घेऊन बसतो. तो नसता तर निम्म्या गावांना बँक म्हणजे काय हे कळले नसते. पण त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम आजवर ढिले होते, हे खुद्द रिझर्व्ह बँकेने मान्य केल्यासारखेच आहे. २७ जून २०२५ रोजी तिने अंगठ्याच्या मशीनवाल्यांची नीट ओळखतपासणी करण्याचे आदेश काढले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, आणि सलग तीन महिने मशीन बंद ठेवलेल्याचीही नव्याने तपासणी करायची असे त्यात आहे. अंगठ्याने पैसे काढण्याची ही सोय मात्र त्याआधी कितीतरी वर्षे सुरू होती.

यावर शहरी तज्ज्ञांचा हमखास सल्ला असतो की आधारचे बायोमेट्रिक लॉक करून टाका. पुण्या-मुंबईत तो ठीक आहे. ज्याचा अंगठा हाच पासबुक, कार्ड आणि सही आहे, त्याने तो लॉक केला तर आठवड्याच्या बाजाराला पैसे काढायचे कशाने?

खात्यातून पैसे न सांगता जाण्याची अंगठ्याव्यतिरिक्त दुसरी एक वाट आहे, जिच्यात चोर कोणीच नसतो. मेअखेरीस पासबुक भरून घेतले की त्यात ४३६ रुपयांची आणि २० रुपयांची वजावट दिसते. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. विमा वर्ष १ जूनला सुरू होते म्हणून हप्ता त्याच्या तोंडावर कापला जातो, नेमका तेंदूपत्त्याचे पैसे खात्यात असतात तेव्हा. योजना वाईट नाहीत. दोन लाखांचे संरक्षण या रकमेत दुसरीकडे मिळणार नाही. पण त्यांना खातेदाराची संमती लागते, आणि शाखांना उद्दिष्टे दिलेली असली की संमतीचा कागद घाईत कुठल्या तरी गठ्ठ्यात जातो किंवा निघतच नाही. संमतीशिवाय कापलेला हप्ता हीसुद्धा न सांगता कापलेली रक्कमच आहे. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. विमा आहे हे घरात कोणालाच माहीत नसेल, तर माणूस गेल्यावर दावा कोण करणार?

संमती गृहीत धरण्याची ही खोड लहान बँकांचीच नाही. २०१७ मध्ये एअरटेलने सिमची आधार पडताळणी करता करता ग्राहकांची पेमेंट्स बँकेतली खाती उघडली आणि गॅस सबसिडी तिकडे वळू लागली. ३१ लाखांहून अधिक ग्राहक, सुमारे १९० कोटी रुपये. आधार प्राधिकरणाने त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीची आधार पडताळणीची परवानगी रोखली, तेव्हा पैसे मूळ खात्यांत परतले. ती सगळी रक्कम काही शेकड्यांच्या तुकड्यांची होती. एकेकट्या ग्राहकाने आपली सबसिडी कुठे गेली हे शोधत बसायचे ठरवले असते, तर त्याचे वर्ष त्यातच गेले असते.

मूळ मुद्द्याकडे येऊ. तीन दिवस मोजायचे कधीपासून?

परिपत्रकातले उत्तर असे आहे: बँकेकडून व्यवहाराची सूचना खातेदाराला मिळाल्यापासून. सूचना मिळाली तो दिवस धरायचा नाही, आणि दिवस मोजायचे ते खातेदाराच्या स्वतःच्या शाखेच्या कामकाजाचे. संदेश शुक्रवारी आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार असेल, तर मोजणी सोमवारी सुरू होऊन तिसरा दिवस बुधवारी येतो. शाखेतला बाबू मात्र व्यवहाराच्या तारखेपासून बोटे मोजतो, रविवार-सुट्टीसकट. आणि ‘मिळाल्यापासून’ या शब्दाचा विचार तर तो करतच नाही.

सूचना म्हणजे एसएमएस. तो कुठे जातो? खाते उघडताना दिलेल्या नंबरावर. जनधनची खाती शिबिरांत घाऊक उघडली गेली. अनेकांकडे तेव्हा फोनच नव्हता, म्हणून शेजाऱ्याचा, पुतण्याचा, क्वचित फॉर्म भरणाऱ्या ऑपरेटरचाच नंबर पडला. ज्यांनी स्वतःचा दिला त्यांचे सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडले. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे धानोरा तालुक्यातल्या बाईच्या खात्यातून पैसे कटल्याचा संदेश राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू शकतो, आणि बँकेच्या संगणकात ‘संदेश पाठवला’ अशी नोंद राहते. फोन आहे, नंबर बरोबर आहे, तरी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो; वीज आणि रेंजही त्याच्या पाठोपाठ जाते. आणि एवढे सगळे सुरळीत असले तरी संदेश इंग्रजीत, तोही आखूड केलेल्या अक्षरांत. वाचणारी माडिया बोलते, किंवा सिरोंच्याची असेल तर तेलुगू.

तिला व्यवहार कळतो तो पासबुक भरले जाते तेव्हा. शाखेतले छपाईयंत्र चालू असेल, रांग सरेल, आणि पानावर ‘एईपीएस डब्ल्यूडीएल’, म्हणजे अंगठ्याने पैसे काढले, अशा ओळी उमटतील. त्या ओळी कोणीतरी वाचून दाखवील. खऱ्या अर्थाने सूचना मिळाली ती त्या क्षणी. तिचा पहिला दिवस त्यानंतरचा.

हे भावनेचे बोलणे नाही, त्याच परिपत्रकाचे वाचन आहे. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले आहे, तर सूचना मिळाली हे दाखवण्याचे ओझेही बँकेवरच येते. पाठवली म्हणजे मिळाली, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. त्यातच आणखी एक वाक्य आहे: ज्या ग्राहकाने मोबाइल नंबर दिलेला नाही त्याला एटीएममधून पैसे काढण्यापलीकडच्या इलेक्ट्रॉनिक सुविधा बँकेने देऊ नयेत. म्हणजे चालू नंबर नसताना अंगठ्याचे व्यवहार सुरू ठेवले, तर जोखीम कोणी पत्करली?

न्यायालयेही याच बाजूला झुकत आहेत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये व्याजासह परत करायला लावले. कंपनीला ओटीपी न येताच खात्यात नवे लाभार्थी जोडले गेले होते, सायबर पोलिसांच्या अहवालात तिची चूक दिसली नव्हती, तरी बँकिंग लोकपालाने तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने २०१७ चे परिपत्रक समोर ठेवून निकाल दिला. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये परत करण्याचा आदेश स्टेट बँकेविरुद्ध कायम ठेवला. ऑनलाइन कापडखरेदीचा परतावा देतो असे सांगून ठगाने त्याला एक अ‍ॅप उतरवायला लावले होते. त्याने चोवीस तासांत बँकेला कळवले होते, आणि तेच कामी आले.

दोन्ही प्रकरणांतले लोक वकील लावू शकत होते, ही गोष्ट इथे नोंदवायला हवी.

गरिबांच्या बाबतीत नियमातच एक तिढा आहे, त्यावर फारसे कोणी बोलत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर जनधनसारख्या मूलभूत खात्याच्या धन्याने सोसायची कमाल रक्कम प्रत्येक व्यवहारामागे ५,००० रुपये. साध्या बचत खात्याला १०,०००. कागदावर ही सवलत दिसते. पण रक्कम आणि मर्यादा यांतले जे कमी तेवढे सोसायचे असते. दीड हजार गेलेल्या बाईला पाच हजारांच्या मर्यादेचा उपयोग काय? तिचे सगळेच गेले. लाखभर गेलेल्या बचत खातेदाराचे मात्र नव्वद हजार वाचले. चौथा दिवस उजाडला की या नियमाचे छत्र मोठ्या रकमेवर राहते आणि छोट्या रकमेवरून सरकते. लहान खात्यांना तीन दिवसांनंतरही पूर्ण संरक्षण देणे बँकांना जड जाणार नाही, कारण रकमाच लहान आहेत. आणि सात दिवसांनंतरचे धोरण ठरवायचा अधिकार तर संचालक मंडळालाच दिलेला आहे. जिल्हा बँकांच्या मंडळांवर बसलेल्या स्थानिक पुढाऱ्यांना एका ठरावाने हे करता येईल.

बँकांची बाजू आहे, ती ऐकावी. घरातल्याच पोराने आजीचा अंगठा लावून पैसे काढलेले असतात आणि तक्रार बँकेवर येते. ‘पीएम किसान’ किंवा ‘लाडकी बहीण’ नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, ती उघडली, खाते साफ झाले; त्यात बँक काय करणार? खरे आहे. पण हे सगळे चौकशीत ठरायचे. मशीनचा क्रमांक, व्यवहाराची वेळ, ऑपरेटरची ओळख, सगळे बँकेच्या नोंदीत असते. खातेदाराकडे त्यातले काहीच नसते. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याने तो दाखवायचा, एवढीच अपेक्षा आहे. चौकशीआधीच ‘तुम्हीच अंगठा लावला असेल’ हे उत्तर कशाच्या आधारावर?

लोकांचा आणखी एक गोंधळ होतो, आणि तो पोलीस-बँक दोघांच्याही पथ्यावर पडतो. १९३० या नंबरावर फोन केला की काम झाले, असे वाटते. तो फोन करायलाच हवा, आणि तासाभरात केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता खरीच असते. पण तो पळालेल्या पैशाचा पाठलाग आहे. बँकेने भरपाई द्यावी यासाठीची तक्रार वेगळी, ती बँकेकडेच करायची आणि तिचा क्रमांक व तारीख घ्यायची. अर्जात कहाणी नको. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, पासबुकातली नोंद जशीच्या तशी, आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही, मला तो अमुक तारखेला पासबुक भरल्यावर कळला’ हे वाक्य. याची पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो, फी नाही, माहितीसाठी १४४४८. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत या लोकपालाच्या कक्षेतच नव्हत्या, आता आल्या आहेत. जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातही आहे आणि गडचिरोलीतही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी लागत नाही.

पण पोच मिळेल कुठे? सिरोंच्याहून गडचिरोलीचा जिल्हा सायबर कक्ष दोनशे किलोमीटरच्या आसपास. बँकांची नावेही स्थिर नाहीत. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. जुन्या पासबुकावर नाव जुनेच. दीड हजारांच्या तक्रारीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे कोण घालवणार? लोक गप्प बसतात ते अज्ञानाने नव्हे, हिशेब करून.

म्हणून जिथे पैसे निघतात तिथेच तक्रार नोंदवता आली पाहिजे. बँक मित्र हा बँकेचा प्रतिनिधी आहे. पैसे देताना तो बँकेचा आणि तक्रार आली की परका, हे चालणार नाही. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर ग्रामपंचायतीतून, तलाठ्याकडून किंवा पोस्टाने पाठवलेला कागदही त्याच तारखेचा धरावा. खात्याला चालू नंबर नसेल तर पासबुक छापल्याची तारीख, जी यंत्रात आपोआप नोंदली जाते, तीच सूचनेची तारीख मानावी. यासाठी नवा कायदा नको. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची आढावा बैठक होते. पीककर्ज किती वाटले, जनधनची खाती किती, विम्याची उद्दिष्टे किती टक्के, याचे तक्ते तिथे फिरतात. त्यात आणखी चार रकाने हवेत: न केलेल्या व्यवहारांच्या तक्रारी किती आल्या, दहा दिवसांत पैसे किती जणांच्या खात्यात जमा केले, ‘उशीर झाला’ म्हणून किती फेटाळल्या, आणि त्या प्रत्येकीत सूचना मिळाल्याचा पुरावा काय होता.